परदेशी विद्यापीठाचा मसुदा आलाय. सही करायची का?

सोलापूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित वरिष्ठ महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिकांनी विचारलंय: "ब्रिटनमधल्या एका विद्यापीठाने कोरडवाहू भागातली ज्वारी आणि लोकांचा आहार या विषयावर तीन वर्षांचा प्रकल्प आखलाय. भागीदार म्हणून इथिओपियातलं एक विद्यापीठ, केनियातलं एक, आणि भारतातून आमचं कॉलेज. चार पानांचा सामंजस्य करार, प्रकल्पाचा प्रस्ताव आणि बजेटचा तक्ता पाठवलाय. प्राचार्य म्हणतात, नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची) फेरी तोंडावर आहे, सही करून टाकू. संस्थेचे सचिव म्हणतात, बाहेरचा पैसा म्हणजे नसती भानगड. मी काय सांगू?"

मॅडम, दोघांनाही थोडं थांबायला सांगा. प्राचार्यांची घाई चुकीच्या कागदासाठी आहे आणि सचिवांची भीती बरोबर असली तरी अर्धवट आहे. असे करार वाचण्यात, दुरुस्त करून घेण्यात आणि काही परत पाठवण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्राचार्यांचं. चार पानांच्या सामंजस्य करारात 'परस्पर हिताच्या क्षेत्रात सहकार्य', 'प्राध्यापक व विद्यार्थी यांची देवाणघेवाण', 'संयुक्त प्रकाशने' अशी वाक्यं असतात. त्यातून कुणावर काही बंधन येत नाही, बहुतेक मसुद्यांत तसं स्पष्ट लिहिलेलंच असतं. असा करार फ्रेम करून प्राचार्यांच्या केबिनमध्ये लावायला बरा. नॅकला मात्र 'कार्यरत' करार लागतो. वर्षागणिक काय काम झालं, किती जण सहभागी झाले, त्याचे अहवाल आणि पुरावे मागतात. सहीचा फोटो आणि पुष्पगुच्छ यांवर गुण पडत नाहीत, निदान पडू नयेत. तेव्हा चार पानांवर आज सही केली तरी फायदा नाही आणि तोटाही नाही. खरा कागद तुमच्याकडे अजून आलेलाच नाही. तो म्हणजे प्रकल्प करार, त्याची परिशिष्टं आणि पैशांचं वेळापत्रक. तो मागवा. 'निधी मंजूर झाल्यावर पाठवू' असं उत्तर आलं, तर 'मंजुरीआधी निदान मसुदा दाखवा' म्हणा. निधी मंजूर झाल्यावर बजेटचे आकडे हलत नाहीत.

दुसरी एक गोष्ट लगेच मिटवून टाकतो, कारण कॉलेजात ती चर्चा हमखास निघते. 'म्हणजे आपल्या मुलांना ब्रिटनची पदवी मिळणार का?' नाही. यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) मे २०२२ चे ट्विनिंग, संयुक्त आणि दुहेरी पदवीचे नियम पदवी देणाऱ्या संस्थांसाठी आहेत. भारतीय संस्थेला नॅकचे किमान ३.०१ गुण किंवा एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात स्थान लागतं, आणि समोरची संस्था जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असेल तरच वेगळ्या परवानगीशिवाय काम होतं. संलग्न महाविद्यालयाला स्वतःची पदवीच देता येत नाही, त्यामुळे तो विषय तुमच्यापुरता बंद. प्रवेशाच्या माहितीपत्रकात कुणी उत्साहाने 'इंटरनॅशनल कोलॅबोरेशन' असं ठळक छापायला निघालं, तर त्यालाही आवरा.

आता मुद्द्याचं. विद्यापीठांच्या अशा भागीदाऱ्या आफ्रिकेत आणि आशियात सत्तर-ऐंशी वर्षं चालू आहेत. त्यांतल्या कुठल्या टिकल्या हे बघताना मी एकच गोष्ट तपासतो: पैसा संपल्यावर इकडच्या इमारतीत काय राहिलं? माणूस, यंत्र, अभ्यासक्रम, नोंदी, बियाणं, काहीही. तिकडच्या विद्यापीठाच्या अहवालात काय राहिलं, हा त्यांचा प्रश्न.

तुमच्याच विषयातलं उदाहरण घ्या. १९५२ मध्ये अमेरिकेच्या ओक्लाहोमा ए अँड एम कॉलेजाने (नंतरचं ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठ) इथिओपियात शेतीचं शिक्षण उभं करायचा करार केला. जिम्मा इथे शेतकी शाळा निघाली, अलेमाया इथे कॉलेज. सुरुवातीला अमेरिकन प्राध्यापक शिकवत, हळूहळू इथिओपियन शिक्षक तयार झाले आणि १९६८ मध्ये अमेरिकन मंडळी करार संपवून निघून गेली. कॉलेज राहिलं. आज ते हरामाया विद्यापीठ आहे. त्या जिम्माच्या शाळेत आणि मग अलेमायाच्या कॉलेजात शिकलेला एक खेड्यातला मुलगा पुढे पर्ड्यू विद्यापीठात पीएचडी करतो, इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेतर्फे सुदानमध्ये काम करतो, तिथे हगीन दुरा-१ हा ज्वारीचा संकरित वाण १९८३ मध्ये बाहेर पडतो, आणि नंतर तो माणूस टारफुल्याला तोंड देणारी ज्वारी तयार करतो. गेबिसा एजेटा त्यांचं नाव. २००९ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारी ती जांभळ्या-पांढऱ्या फुलांची बांडगुळी वनस्पती, आपल्याकडेही शेतकरी तिच्या नावाने बोटं मोडतात, पण आफ्रिकेत तिने पिकंच्या पिकं बुडवली आहेत. या सगळ्या साखळीत ओक्लाहोमाचा वाटा कुठला, तर एक कॉलेज उभं करून ते सोडून जाण्याचा.

आपल्याकडे हेच झालं होतं, आपण विसरलोय. कानपूरच्या आयआयटीच्या पाठीशी १९६२ ते १९७२ अशी दहा वर्षं नऊ अमेरिकन संस्थांचा गट होता. १९६३ मध्ये तिथे आयबीएम १६२० संगणक आला आणि देशातल्या संगणकशिक्षणाची सुरुवात झाली. राज्याच्या कृषी विद्यापीठालाही आरंभीच्या काळात पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीची साथ होती. या दोन्ही ठिकाणी पाहुणे गेल्यावर काम चालू राहिलं, कारण पगार, पदं आणि प्रयोगशाळा पहिल्यापासून इथल्या संस्थेच्या नावावर होत्या.

दहा वर्षं, सोळा वर्षं. तुमचा प्रकल्प तीन वर्षांचा आहे. तीन वर्षांत कॉलेज उभं राहत नाही हे मान्य. पण म्हणूनच काय उरणार हे पहिल्या दिवशी ठरवावं लागतं.

तुम्ही पाठवलेला बजेटचा तक्ता मी नीट पाहिला. ब्रिटनच्या रकान्यात पहिली ओळ 'प्रमुख संशोधकाचा वेळ', टक्क्यांत. मग पोस्ट-डॉक्टरल संशोधक, पूर्ण वेळ. मग प्रयोगशाळेचा वापर, इमारतीचा खर्च, कार्यालयीन खर्च. तुमच्या रकान्यात काय आहे? प्रवास, कार्यशाळेचा चहा-नाश्ता, झेरॉक्स, दोन फील्ड असिस्टंट, आणि नमुने कुरिअरने पाठवायचा खर्च. तुमच्या वेळेची ओळच नाही. इथिओपिया आणि केनियाचे रकाने तुमच्या रकान्याची नक्कल आहेत, फक्त असिस्टंट एक जास्त. म्हणजे धान्य, माणसं, घरं आणि स्वयंपाकघरं तीन देशांतली. विचार करायचा पगार एका देशात. यात कुणाचा दुष्टपणा असतोच असं नाही. तिकडचं वित्त कार्यालय त्यांच्या संशोधकाचा तास न् तास मोजतं आणि आपल्याकडून कुणी मागतच नाही, म्हणून ओळ रिकामी राहते.

मागायचं काय, ते सांगतो. तुमचा पगार शासन देतं, त्यामुळे तो प्रकल्पातून घेता येणार नाही. पण आठवड्यातले दोन दिवस तुम्ही शेतावर असाल तेव्हा बी.एस्सी.चे तास कोण घेणार? तासिका तत्त्वावरच्या (सीएचबी) शिक्षकाचं मानधन प्रकल्पात टाका. सीएचबीवाल्या मुलांची काय अवस्था आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. निदान एका पात्रताधारकाला तीन वर्षं नियमित पैसे मिळतील. दुसरं, ज्वारीतल्या लोह आणि जस्ताचं पृथक्करण ब्रिटनला कशासाठी? परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर काम करून 'परभणी शक्ती' हा जास्त लोह-जस्ताचा ज्वारीचा वाण २०१८ मध्ये दिला. म्हणजे हे मोजमाप हैदराबाद-परभणीच्या पट्ट्यात रोज होतं. नमुने तिथे तपासून घ्या, पडताळणीपुरते थोडे बाहेर पाठवा, आणि वाचलेल्या पैशात तुमच्या प्रयोगशाळेत एखादं उपकरण घ्या. उपकरण घेताना देखभालीचा करार प्रकल्पाच्या मुदतीपुढेही दोन वर्षं चालेल असं बघा. निधीतून आलेली आणि आता प्लास्टिकच्या आवरणाखाली बसलेली यंत्रं मी बऱ्याच कॉलेजांत पाहिली आहेत.

पैसे कसे येणार हा प्रश्न किती येणार याहून महत्त्वाचा. प्रस्तावाच्या मसुद्यात 'तिमाही, प्रत्यक्ष खर्चानंतर' असं लिहिलेलं दिसतंय. म्हणजे आधी तुम्ही खर्च करायचा, पावत्या पाठवायच्या, मग तिकडून पैसे. मंगळवेढ्याच्या शिवारात सर्वेक्षण करणाऱ्या मुलींना शनिवारी पैसे द्यावे लागतात. त्यांना 'लंडनहून आले की देते' म्हणता येत नाही. संस्था आगाऊ पैसे देणार नाही आणि तुम्ही स्वतःच्या पगारातून द्याल. असं करणारे प्राध्यापक मी पाहिलेत, आणि नंतर त्यांच्या पावत्या 'नमुन्यात बसत नाहीत' म्हणून परत आलेल्याही पाहिल्यात. सहा महिन्यांचा आगाऊ हप्ता मागा. नियमांतून तशी वाट काढता येते, मागणाऱ्याला मिळतो.

आता सचिवांची भीती. त्यांना सांगा की ती खरी आहे आणि तिचं नाव एफसीआरए, म्हणजे परकीय निधीवर नियंत्रण ठेवणारा कायदा. परदेशी विद्यापीठ हा कायद्याच्या भाषेत परकीय स्रोत आहे. संशोधन अनुदान म्हणून आलेला पैसा घ्यायला तुमच्या संस्थेची एफसीआरए नोंदणी हवी, किंवा या एका देणगीदाराकडून, या एका कामासाठी, इतक्या रकमेची पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि मागच्या तीन वर्षांत तिने आपल्या उद्दिष्टांवर किमान १५ लाख खर्च केलेले, या अटी तुमची संस्था सहज पुरी करेल. २०२० च्या दुरुस्तीनंतर पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. खातं उघडायचं काम इथल्या शाखेतून होतं. त्याच दुरुस्तीने आणखी एक दार बंद केलं: आलेला परकीय निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. मसुद्यात 'भारतीय भागीदाराने स्थानिक स्वयंसेवी संस्थेला उप-अनुदान द्यावे' असं वाक्य आहे, ते लाल पेनाने खोडा. ब्रिटनला हा नियम माहीत नसतो, आणि नंतर नोटीस त्यांना येत नाही. कुणी असंही सुचवेल की पैसे दुसऱ्या मोठ्या संस्थेच्या खात्यात घेऊ आणि तुम्हाला देऊ. तेही त्याच कलमात अडकतं. सीएंना बरोबर घेऊन बसा. रक्कम देणाऱ्याचं पत्र आणि प्रकल्पाचा तपशील हातात आला की पूर्वपरवानगीचा अर्ज टाका आणि परवानगी येईपर्यंत प्रकल्पाची सुरुवातीची तारीख पुढे ठेवा. घाई इथेच नडते.

बियाण्यांचं प्रकरण याहून नाजूक आहे. आपल्या भागातली मालदांडी ३५-१ मोहोळच्या केंद्रावर निवडली गेली. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३ पासून चालू आहे, रब्बी ज्वारीसाठी राष्ट्रीय पातळीवरचं केंद्र आज शहरातच आहे. प्रकल्पाच्या प्रस्तावनेत मात्र तुमच्या भागाचं वर्णन 'डेटा-पुअर' असं केलंय! ते बदलून घ्या, आणि रब्बी ज्वारी केंद्रातल्या आणि विभागीय कृषी संशोधन केंद्रातल्या लोकांना आधीच भेटा. त्यांच्या जुन्या नोंदी बघितल्याशिवाय नवं सर्वेक्षण म्हणजे पुन्हा तीच विहीर खणणं.

आता नमुने. शेतकऱ्याच्या घरातली वाणाची कणसं, शेतातल्या मातीतले जीवाणू, हे सगळं जैविक संसाधन आहे. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे परदेशी संस्थेला ते संशोधनासाठी घ्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या आणि मान्यता मिळालेल्या सहयोगी प्रकल्पांना सूट आहे, पण ती आपोआप मिळते असं समजू नका. कुरिअरवाला पाकीट घेतो म्हणून ते कायदेशीर होत नाही. पाठवायचीच वेळ आली तर दळून, भाजून, उगवणार नाही अशा स्थितीत पृथक्करणापुरतं पाठवता येईल का ते विचारा, आणि त्यालाही लेखी मंजुरी घ्या. ज्या गावात जाल तिथे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, निदान कागदावर. तिला कळवा आणि लोक जैवविविधता नोंदवहीत त्या वाणाची नोंद आहे का बघा. नसेल तर तुमच्या विद्यार्थ्यांनी ती करून द्यावी. हे मागे उरणारं काम आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत.

बायकांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायचा भाग प्रस्तावाच्या शेवटी हळूच घातलेला दिसतोय. तो आला की प्रकरण आरोग्य संशोधनाचं होतं: नैतिकता समिती, आयसीएमआरमार्फत (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत) आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी, सगळं. वनस्पतिशास्त्र विभागाने हे अंगावर घेऊ नये. पहिल्या टप्प्यातून वगळा, किंवा वैद्यकीय महाविद्यालयातला सहकारी सोबत घ्या.

वेळापत्रकाकडे कुणी बघत नाही, म्हणून सांगतो. प्रकल्प एप्रिलला सुरू, पहिलं पीक-सर्वेक्षण जूनमध्ये, असं लिहिलंय. जूनमध्ये आपल्याकडे रब्बी ज्वारी शेतात नसते. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, हुरडा डिसेंबर-जानेवारीत, काढणी फेब्रुवारी-मार्चात. इथिओपियाचा मुख्य हंगाम पावसाळ्याचा आणि काढणी वर्षअखेरीची. तीन देशांचे आकडे एकाच तक्त्यात बसवायचे तर महिना नाही, पिकाची अवस्था धरा. त्यात इथिओपियाचं स्वतःचं पंचांग आहे: तेरा महिने, वर्ष आपल्या इंग्रजी तारखेपेक्षा सात-आठ वर्षांनी मागे, नवं वर्ष सप्टेंबरात. घड्याळही सूर्योदयापासून मोजतात, आपल्या सकाळच्या सातला तिथे एक वाजलेला असतो. फील्डवरच्या वहीत कुठली तारीख आणि कुठली वेळ लिहायची हे पहिल्या बैठकीत ठरवलं नाही, तर नंतर आकडे दुरुस्त करत बसावं लागतं. ऑनलाइन बैठकीची वेळ ठरवतानाही हे विचारून घ्या; अदिस अबाबा आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, एवढं कळून भागत नाही.

आपल्याकडचीही एक गोष्ट: प्रश्नावली इंग्रजीत येईल आणि 'मराठीत करून घ्या' म्हणतील. अक्कलकोट-दक्षिण सोलापुरात कन्नड बोलणारी घरं आहेत, शहरात विणकरांच्या वस्त्यांत गेलात तर तेलुगू. दोन नाही, तीन भाषांच्या भाषांतराचे आणि चाचणीचे पैसे धरा. हे बजेटमध्ये शोधलं, नाहीये.

लेखकपदाबद्दल लोक बोलायला लाजतात. 'नंतर बघू' म्हणतात, आणि नंतर आपलं नाव आभारात येतं. कुठल्या देशातल्या आकड्यांवरच्या निबंधाचा पहिला लेखक कोण, माहितीचा साठा कुठे राहणार, तुमच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीला तिचा भाग स्वतंत्रपणे वापरता येईल का, हे परिशिष्टात लिहून घ्या. मसुद्यात 'प्रकल्पातून निर्माण होणारी सर्व माहिती प्रमुख संस्थेच्या मालकीची राहील' असं आहे. ते मान्य करू नका. 'ज्या देशात गोळा झाली तिथल्या संस्थेची, वापर सर्वांना' एवढं पुरे. हे मागणं आता उद्धटपणाचं वाटत नाही. परदेशांशी संशोधन भागीदारीसाठीच्या स्विस आयोगाची तत्त्वं तर जुनीच आहेत, २०२२ च्या केपटाउनमधल्या परिषदेतून एक निवेदन आलं, जुलै २०२३ मध्ये विंडहोकला आफ्रिकन विद्यापीठांनी संशोधन सहकार्याची सनदच जाहीर केली. ब्रिटिश विद्यापीठाला यांची नावं माहीत असतात. तुमच्या पत्रात एक उल्लेख आला की पुढचं बोलणं सोपं जातं.

आणि विद्यार्थिनीचा विषय निघालाच आहे तर सँडविच पीएचडी मागा. स्वीडनने युगांडाच्या मकेरेरे विद्यापीठाबरोबर २००० पासून हे मोठ्या प्रमाणावर केलं. उमेदवार आपल्याच विद्यापीठाचा नोकर राहतो, काही महिने तिकडे, काही महिने इकडे, संशोधनाचा विषय इथला. नोकरी आणि घर इथे असल्याने बहुतेक जण परत येतात. पूर्ण शिष्यवृत्तीवर गेलेली हुशार मुलं परत येत नाहीत यात त्यांचा दोष नाही, परत यायला जागाच ठेवलेली नसते. तुमच्याकडच्या एका सीएचबी शिक्षकाची पीएचडी अशी झाली, दरवर्षी तीन-चार महिने तिकडच्या प्रयोगशाळेत आणि नोंदणी आपल्या विद्यापीठात, तर माझ्या मते बाकी सगळं बजेट एका बाजूला आणि हे एका बाजूला.

आता जे कुणी विचारत नाही ते. पैसा मध्येच बंद झाला तर? हे काल्पनिक नाही. ब्रिटनने २०२१ मध्ये परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली तेव्हा त्यांच्या संशोधन परिषदेने मार्चमध्ये विद्यापीठांना कळवलं की दिलेली वचनं आणि हातातला पैसा यांत १२ कोटी पौंडांची तफावत आहे. चालू प्रकल्प कापले गेले. त्या दिवशी नैरोबीपासून ढाक्यापर्यंत किती संशोधन सहायक घरी बसले असतील. २०२५ मध्ये ब्रिटनने हे प्रमाण २०२७ पर्यंत ०.३ वर आणायचं जाहीर केलं, आणि अमेरिकेची परदेशी मदतीची संस्था यूएसएड तर जुलै २०२५ ला बंदच झाली. म्हणून करारात एक कलम हवं: निधी थांबला तर नेमलेल्या माणसांचा ठरावीक महिन्यांचा पगार आणि नोंदणी झालेल्या पीएचडी विद्यार्थ्याची फी प्रमुख संस्था देईल. ते 'शक्य नाही' म्हणतील. मग 'किती महिने शक्य आहे?' असं विचारा. शून्यापेक्षा तीन महिने बरे.

वाईट उदाहरणंच सांगत बसलो असं नको व्हायला. केनियात एल्डोरेटला मोई विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय उभं राहत होतं तेव्हा, १९८९ पासून, अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठाने त्यांच्याशी नातं जोडलं. इंडियानाचे डॉक्टर तिथे राहायला गेले, तिथल्याच रुग्णालयात वॉर्डात काम केलं, केनियन डॉक्टर इंडियानाला जाऊन आले. एचआयव्हीची लाट आली तेव्हा २००१ मध्ये यातूनच उपचारकेंद्रांचं मोठं जाळं सुरू झालं. बारा वर्षांची ओळख होती म्हणून ते जमलं. हा विश्वास कुठल्याही परिशिष्टात लिहून मिळत नाही, आणि त्याचा रस्ता साधा आहे: लोकांनी एकमेकांकडे जाऊन राहायचं.

म्हणून माझा सगळ्यात आग्रहाचा सल्ला: ब्रिटनला उत्तर लिहायच्या आधी इथिओपियातल्या आणि केनियातल्या प्राध्यापकांना थेट ई-मेल करा. मसुद्यात तिघांचे पत्ते आहेतच. त्यांचा करार आणि तुमचा करार सारखाच आहे का, त्यांनी काय बदलून मागितलं, ते विचारा. अशा प्रकल्पांत सगळा पत्रव्यवहार मध्यावरच्या विद्यापीठातून जातो आणि कडेचे तिघे एकमेकांना वार्षिक बैठकीत पहिल्यांदा भेटतात. खरं तर ज्वारीवर तुम्हाला ब्रिटनशी बोलण्यापेक्षा इथिओपियाशी बोलण्यासारखं जास्त आहे. पीक मूळचं त्यांच्याकडचं, खोडमाशी दोघांकडे, टारफुला दोघांकडे. त्यांच्याकडे ज्वारीची इंजेरा होते, आपल्याकडे भाकरी. टिकाऊ कडक भाकरीच्या पीठाबद्दल त्यांना ऐकायला आवडेल. इथिओपियन प्राध्यापकांत भारतात शिकून गेलेले बरेच आहेत, तुमच्याशी बोलणाऱ्याने पुण्यात किंवा विशाखापट्टणमला पीएचडी केलेली असली तर नवल वाटू देऊ नका. तिघांनी मिळून एकच दुरुस्त्यांची यादी पाठवली तर ब्रिटनच्या वित्त कार्यालयाला ती नाकारणं जड जातं.

आणि त्यांच्याशी वागताना एक सांभाळा. भारतातून गेलेली मंडळी कधी कधी आफ्रिकेत मोठ्या भावाच्या थाटात बोलतात. आयआयटी मद्रासने २०२३ मध्ये झांझिबारला वर्ग सुरू केले, ई-विद्याभारतीतून आफ्रिकन विद्यार्थ्यांना आपल्या विद्यापीठांनी ऑनलाइन शिकवलं, भारत सरकारच्या आयटेक योजनेची प्रशिक्षणं १९६४ पासून चालू आहेत, हे सगळं चांगलंच आहे. पण तुमच्या प्रकल्पात आपणही त्यांच्यासारखेच कडेचे भागीदार आहोत. 'आम्ही शिकवू' असा सूर पहिल्या ई-मेलमध्ये नको.

प्राचार्यांना सांगा: दुरुस्त्यांचं पत्र या आठवड्यात जाईल, आपल्या विद्यापीठाला माहितीसाठी प्रत जाईल, तिघा भागीदारांची पहिली ऑनलाइन बैठक होईल आणि तिचं इतिवृत्त नॅकच्या फाइलला लागेल. नुसत्या सहीपेक्षा ते इतिवृत्त फाइलमध्ये जास्त उपयोगी. सचिवांना सांगा की एफसीआरएची परवानगी आल्याशिवाय एक पौंडही संस्थेच्या खात्यात येणार नाही.

प्रवासाचं वेळेवर लक्षात येत नाही, म्हणून आताच लिहितो. इथिओपिया किंवा केनियाला जायचं ठरलं तर पीतज्वराची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबत ठेवावं लागतं. परतताना ते नसेल तर विमानतळावरच विलगीकरणात ठेवतात. तिकडच्या पाहुण्यांनाही तेच लागू. त्यांना कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला बोलावणार असाल तर परिषदेसाठी परराष्ट्र आणि गृह मंत्रालयांची मंजुरी आधी, निमंत्रणपत्र नंतर. केनियात शेतावर जाऊन माहिती गोळा करणार असाल तर तिथल्या राष्ट्रीय आयोगाचा, नाकोस्टीचा, संशोधन परवाना लागतो; तो केनियन भागीदाराने काढायचा, पण फी कुणी भरायची ते बजेटमध्ये लिहा.